२१४ कोटी बाईटच्या पुढे

इथली शनिवारची संध्याकाळ म्हणजे साताऱ्यातली रविवारची सकाळ. ऍरिझोनात घड्याळं पुढे-मागे करायची भानगड नाही, त्यामुळे साडेबारा तासांचा फरक बारा महिने तसाच राहतो. बाबांचा पहिला चहा झालेला असतो आणि मी चँडलरमध्ये कालव्याच्या कडेच्या पायवाटेवर फिरत असतो. मग आमचं ठरलेलं बोलणं सुरू होतं.

"या आठवड्यात काय केलंस?"

"एक दुरुस्ती तपासली. एका ओळीची होती."

"किती दिवस लागले?"

"दोन."

मला वाटलं आता ते हसणार. पण बाबांनी जिल्ह्यातल्या एका बँकेत चौतीस वर्षं खतावण्या सांभाळल्या आहेत. ते म्हणाले, "ओळ लिहायला वेळ लागतच नाही रे. ती कुठे कुठे लागते ते बघायला लागतो."

तर मंडळी, ही एक ओळ कसली, ती तपासायला दोन दिवस का लागले आणि तिच्यामागे पन्नास वर्षांचा इतिहास कसा उभा आहे, ते आज सांगतो. विषय जरा रुक्ष वाटेल, पण तुमच्या घरातल्या पेन ड्राईव्हपर्यंत येऊन पोचतो, तेव्हा थोडा धीर धरा.

आधी माझी स्वतःची फजिती सांगतो, कारण या विषयात मी ओढला गेलो तो तिच्यामुळे.

पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी मी एक अकरा दिवसांचा प्रयोग लावला होता. भट्टीत काही नमुने तापत ठेवायचे आणि त्यांच्यावरच्या संवेदकांचे आकडे सतत नोंदवत राहायचं. सेकंदाला साधारण साडेतीन हजार बाईट. नोंदवणारं यंत्र जुनाट, ३२ बिटी, आणि त्यावरचा प्रोग्रॅम माझ्या कितीतरी आधीच्या कुठल्यातरी विद्यार्थ्याने लिहिलेला. पडद्यावर आलेख छान सरकत होता. मी रोज सकाळी येऊन बघायचो आणि समाधानाने कॉफी प्यायला जायचो. अकराव्या दिवशी फाईल उघडली तर तिच्यात सातच दिवसांचे आकडे. फाईलची लांबी बरोबर २,१४,७४,८३,६४७ बाईट. एक कमी नाही, एक जास्त नाही.

पुढचे चार दिवस यंत्र मोजत होतं, आलेख काढत होतं, पण डिस्कवर काहीच उतरत नव्हतं. ऑपरेटिंग सिस्टीम दर वेळी सांगत होती की फाईल फार मोठी झाली, लिहिता येत नाही. प्रोग्रॅम तिचं उत्तर ऐकतच नव्हता. नमुने परत तसेच मिळणार नव्हते. प्रयोग पुन्हा उभा करण्यात माझा जवळजवळ अर्धा उन्हाळा गेला.

डिस्क तर अर्धीसुद्धा भरलेली नव्हती. मग हा २१४ कोटी ७४ लाखांचा आकडा आला कुठून?

बाबांना मी हे समजावलं ते त्यांच्याच भाषेत. खतावणीच्या पानावर रकमेसाठी उभ्या रेघा आखून घरं केलेली असतात. सात घरं आखली तर ९९,९९,९९९ पर्यंतची रक्कम मावते. तिच्यात एक रुपया मिळवला की आठवं घर लागतं, आणि ते छापलेलंच नाही. संगणकातही तसंच. तिथे घरात शून्य किंवा एक एवढंच बसतं, इतकाच फरक. अशा ३२ घरांत शून्य ते ४,२९,४९,६७,२९५ एवढे आकडे मावतात. त्यातलं एक घर अधिक-उण्याच्या चिन्हासाठी ठेवलं की ३१ उरतात, आणि ३१ घरांत मावणारा सर्वांत मोठा आकडा म्हणजे २,१४,७४,८३,६४७. माझी फाईल अडली ती इथे. फाईलमध्ये आपण कितव्या बाईटवर आहोत हे लिहायला जागा उरली नव्हती.

आता तुम्ही विचाराल, की फाईलची लांबी काय उणे असते का? मग चिन्हाला घर कशाला वाया घालवलं? प्रश्न बरोबर आहे, आणि उत्तर युनिक्सच्या जन्मकथेत आहे.

युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम १९६९ पासून अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी घडवली. ती ज्या पीडीपी-११ यंत्रावर वाढली ते १६ बिटी होतं. म्हणजे खतावणीला घरं सोळाच. सोळा घरांत ६५,५३५ पर्यंतच मोजता येतं. १९७५ च्या सहाव्या आवृत्तीत फाईलमध्ये एखाद्या ठिकाणी उडी मारायची तर 'सीक' ही आज्ञा होती, आणि ती उडी याच आकड्यात सांगावी लागे. त्याहून पुढे जायचं तर एक युक्ती होती. उडी बाईटमध्ये न सांगता ५१२ बाईटच्या ठोकळ्यांत सांगायची. म्हणजे पावलं मोजायची सोडून मैलाचे दगड मोजायचे. फाईलच्या लांबीची नोंद तेव्हा २४ बिटांत होत असे. ती १,६७,७७,२१६ बाईटशी संपायची, म्हणजे १६ मेगाबाईट. आज मोबाईलवरचे मोजकेच फोटो तेवढ्यात मावतील. तेव्हा ते भरपूर होतं.

१९७९ च्या सातव्या आवृत्तीत हा आकडा ३२ बिटी झाला. आज्ञेचं नावही बदललं, 'सीक'ची 'एलसीक' झाली. तो सुरुवातीचा 'एल' म्हणजे 'लाँग', मोठा आकडा. आज आकडा ६४ बिटी झाला तरी नाव तेच राहिलं आहे. गावातल्या 'नव्या पुला'ला शंभर वर्षं झाली तरी लोक त्याला नवा पूलच म्हणतात, तसं.

हा आकडा चिन्हासकट घेण्यात शहाणपण होतं. फाईलमध्ये मागे जायचं तर उणे आकडा हवा. शिवाय काही चुकलं तर आज्ञा उत्तर म्हणून 'उणे एक' देते. म्हणून एक घर चिन्हाला गेलं. १९७९ साली २ गिगाबाईटची एक फाईल कोणाच्या स्वप्नातही नव्हती. तेव्हा ज्यांनी ही घरं आखली त्यांना नावं ठेवायला मी तयार नाही. त्यांनी त्या दिवसाच्या गरजेपेक्षा खूपच मोठी वही घेतली होती.

पण वही भरली. ९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत मोठ्या यंत्रांवरच्या डिस्क २ गिगाबाईटच्या कितीतरी पुढे गेल्या. बँकांचे डेटाबेस, चित्रपटांची दृश्यं, हवामानाची गणितं, सगळ्यांना मोठ्या फाईली हव्या झाल्या. आपल्याकडचंच उदाहरण घ्या. जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्यांची ताकद एकेका तबकडीत नाही, जोड्यांत आहे. प्रत्येक तबकडीचा संकेत दुसऱ्या प्रत्येकीशी ताडून बघायचा, अशा ४३५ जोड्या होतात. समजा प्रत्येक जोडीमागे २५६ कंप्रता, दोन ध्रुवणं, आणि प्रत्येक नोंद ८ बाईटची धरली, तर एका वाचनाला सुमारे १८ लाख बाईट होतात. दर ८ सेकंदांनी एक वाचन घेतलं तर अडीच-पावणेतीन तासांत २ गिगाबाईट संपले! हे आकडे मी फक्त अंदाजासाठी धरलेत, पण मुद्दा लक्षात यावा. आकाशातला एखादा स्रोत तेवढ्यात पूर्वेकडून पश्चिमेकडेही जात नाही.

मग युनिक्स विकणाऱ्या कंपन्या, एरवी एकमेकींचे गळे धरणाऱ्या, एकत्र बसल्या. या बैठकांना 'लार्ज फाईल समिट' म्हणतात. मार्च १९९६ मध्ये त्यांचा मसुदा ठरला आणि १९९७ मध्ये तो युनिक्सच्या सामायिक प्रमाणाच्या दुसऱ्या आवृत्तीत गेला. आकडा ६४ बिटी करणं हा त्यातला सोपा भाग होता. अवघड प्रश्न वेगळाच होता. जगात हजारो जुने प्रोग्रॅम आहेत, ३२ घरांच्या वह्या घेऊन बसलेले. त्यांच्यापुढे ५ गिगाबाईटची फाईल आली तर काय करायचं?

एक मार्ग असा, की जेवढं मावेल तेवढं सांगायचं. ५ गिगाबाईट ३२ घरांत कोंबले की वरचा आकडा गळून १ गिगाबाईट उरतो. जुना प्रोग्रॅम खूश! तो १ गिगाबाईटची नक्कल करील, 'काम झालं' म्हणेल, आणि कोणीतरी निर्धास्तपणे मूळ फाईल पुसून टाकील. खतावणीत अकरा लाखांतलं डावीकडचं घर खाऊन एक लाख लिहावेत, तसं.

समिटने दुसरा मार्ग धरला. प्रोग्रॅम जुना असेल आणि फाईल त्याच्या वहीत मावत नसेल, तर फाईल उघडायचीच नाही. सरळ चूक परत द्यायची. 'मला मोठ्या फाईली कळतात' अशी खूण जो देईल त्यालाच आत सोडायचं. लिहिता लिहिता सीमा आली तर तिथेही नकार द्यायचा. माझी फाईल २,१४,७४,८३,६४७ वर थांबली ती याच नियमाने. लॅबमध्ये मी या नियमाला शिव्या घातल्या होत्या. आता वाटतं, नियमाने त्याचं काम चोख केलं. त्याने सात दिवसांचे आकडे जपले, आणि पुढे 'नाही' म्हणून सांगितलंही. ऐकायला कोणी नव्हतं.

गंमत म्हणजे त्याच १९९६ साली मायक्रोसॉफ्टने विंडोज ९५ च्या सुधारित आवृत्तीबरोबर एफएटी-३२ ही मांडणी आणली. तिच्यात फाईलच्या लांबीला ३२ घरं आहेत, चिन्ह नाही. म्हणून एक फाईल ४ गिगाबाईटला एक बाईट कमी एवढीच होते. तुमच्या पेन ड्राईव्हवर २० गिगाबाईट मोकळे असूनही लग्नाची ६ गिगाबाईटची चित्रफीत चढत नाही, ती यामुळे. कित्येक कॅमेरे लांब चित्रीकरणाचे ४-४ गिगाबाईटचे तुकडे करतात, तेही बऱ्याचदा यामुळेच. पेन ड्राईव्ह बिघडलेला नसतो. आतला माल दुसरीकडे ठेवून तो एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केला की काम होतं.

आता लिनक्सकडे येऊ, कारण माझी रोजीरोटी तिथे आहे. लिनक्सच्या गाभ्याला 'कर्नल' म्हणतात. प्रोग्रॅम आणि यंत्र यांच्यामधला सगळा व्यवहार तो सांभाळतो. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये तो लिहायला घेतला तो इंटेलच्या ३८६ चिपवर, म्हणजे ३२ बिटी यंत्रावर. त्या इंटेलचे प्रचंड कारखाने माझ्या घरापासून थोड्याच अंतरावर आहेत. १९८० पासून ती कंपनी चँडलरमध्ये आहे आणि निम्मं गाव तिच्या वेळापत्रकावर चालतं. अल्फासारख्या ६४ बिटी यंत्रांवर लिनक्सला ही अडचण नव्हती, पण जग ३८६ च्या वंशावर चालत होतं. ४ जानेवारी २००१ ला लिनक्स २.४ आलं आणि त्यात ३२ बिटी यंत्रांवरही मोठ्या फाईलींची सोय रीतसर मिळाली.

पण कर्नलने ६४ घरं आखली म्हणून डिस्कवरची नोंद आपोआप रुंद होत नाही. लिनक्सच्या एक्स्ट-२ या फाईलसिस्टीममध्ये प्रत्येक फाईलची एक नोंद असते, तिच्यात लांबीला ३२ बिटच होते. नोंदीचा आकार बदलावा तर आधीच्या सगळ्या डिस्क निकामी. मग शोधाशोध झाली. नोंदीत एक रकाना होता तो फक्त डिरेक्टरीसाठी राखलेला, साध्या फाईलींना त्याचा उपयोग नव्हता. तोच घेतला आणि लांबीचे वरचे ३२ बिट त्यात ठेवले. शिवाय डिस्कच्या पहिल्या पानावर एक खूण केली: इथे मोठी फाईल आहे. ज्या जुन्या कर्नलला ही खूण कळत नाही त्याने डिस्क वाचावी, पण तिच्यावर लिहू नये. बाबा हे ऐकून म्हणाले, "म्हणजे शेऱ्याच्या रकान्यात हातचे लिहिले. आम्हीपण लिहायचो."

कालव्याच्या कडेने चालताना हे आठवतं, कारण या खोऱ्यातही असंच झालेलं आहे. इथे होहोकाम नावाचे लोक हजारेक वर्षं कालव्यांवर शेती करत होते, साधारण १४५० पर्यंत. मग ती वस्ती ओसरली. १८६७ मध्ये जॅक स्विलिंग नावाच्या माणसाने कंपनी काढून शेतीसाठी पाणी आणायचं ठरवलं तेव्हा जुन्या कालव्यांच्या खुणा जमिनीवर दिसत होत्या. नवे कालवे कित्येक ठिकाणी त्याच रेघांवर खणले गेले. आमच्या गावाचे संस्थापक डॉक्टर चँडलर गुरांचे डॉक्टर, पण त्यांचाही जीव कालव्यांत गुंतला होता. जुन्या रेघेवर खणलं की काम वाचतं, आणि तिचा उतार व वळणंही आपल्या वाट्याला येतात.

एक्स्ट-३ च्या वाट्याला असंच एक वळण आलं. फाईलने डिस्कवर किती जागा घेतली हे ५१२ बाईटच्या ठोकळ्यांत मोजलं जात होतं आणि त्याला ३२ घरं. म्हणजे फाईलची कमाल २ टेराबाईट. २००६ मध्ये हे सगळं मोकळं करणारे बदल पुढे आले, तेव्हा वाद झाला. जगभरच्या यंत्रांवर रोज चालणाऱ्या फाईलसिस्टीममध्ये एवढी उलथापालथ नको, असं टोरवाल्ड्ससह अनेकांचं म्हणणं पडलं. २८ जून २००६ ला थिओडोर त्सो यांनी तोडगा मांडला: एक्स्ट-३ तशीच ठेवू आणि तिची प्रत काढून एक्स्ट-४ नावाने काम करू. डिसेंबर २००८ मध्ये लिनक्स २.६.२८ बरोबर एक्स्ट-४ वापरायला तयार म्हणून जाहीर झाली. तिच्यात एक फाईल १६ टेराबाईटपर्यंत जाते.

त्या अडीच वर्षांतल्या दुरुस्त्यांवरची नावं वाचताना मी थबकतो. जागेची मोजणी ४८ बिटी करणारा बदल अनीश कुमार यांचा. फाईलसाठी आधीच जागा राखून ठेवायची सोय, जिचं नाव 'फॅलोकेट', ती अमित अरोरांनी आणली. तिला दोन ६४ बिटी आकडे लागतात, आणि ३२ बिटी यंत्रांवर असे आकडे दोन-दोन रजिस्टरांत तोडून पाठवावे लागतात. त्यामुळे आकडे कुठल्या क्रमाने द्यायचे यावरच मोठा खल झाला! फाईलच्या वेळेची नोंद नॅनोसेकंदांत नेणारा बदल कल्पक शहांचा. आणि डिस्कवरची रोजकीर्द खराब झाली तर ओळखता यावं म्हणून तिची पडताळणी बेरीज ठेवणारा बदल आहे गिरीश शिलमकर यांचा. परदेशातल्या टेबलावर, रात्री अकरा वाजता, कोडच्या इतिहासात शिलमकर हे आडनाव दिसलं की काय वाटतं ते तुम्हाला सांगायला नको.

आता या सगळ्यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट, कारण ती तपासणीची आहे. कर्नलमधल्या दुरुस्तीला 'पॅच' म्हणतात, शब्दशः ठिगळ. २०१६ मध्ये असं एक ठिगळ आलं. दोष असा होता: ३२ बिटी यंत्रावर कर्नल फाईलचे ४ किलोबाईटचे भाग करतो आणि त्यांना ३२ बिटी क्रमांक देतो. कोणी १६ टेराबाईटच्या अगदी टोकाचा, शेवटच्या क्रमांकाचा भाग वाचायला मागितला आणि मग ती फाईल छाटायला सांगितली, की कर्नल शेवटच्या क्रमांकात एक मिळवून पुढे बघायचा. सगळी घरं भरलेल्या आकड्यात एक मिळवला की शून्य. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, आणि हे फिरणं कधी संपतच नसे. दुरुस्ती सुटसुटीत होती: फाईलसिस्टीमने जाहीर केलेल्या कमाल लांबीच्या पुढचं वाचायलाच द्यायचं नाही.

पॅच बरोबर होता. ऑक्टोबर २०१६ मध्ये तो कर्नलमध्ये गेला. पण ती 'जाहीर केलेली कमाल लांबी' ३२ बिटी यंत्रांसाठी ज्या सूत्राने काढली होती, ते सूत्र कित्येक वर्षांपासून चुकीचं होतं. ते १६ ऐवजी ८ टेराबाईट सांगायचं. का? कारण त्यात एक घर चिन्हासाठी सोडलं होतं, गरज नसताना. आतापर्यंत वाचताना हा आकडा कोणी विचारतच नव्हतं, म्हणून चूक झाकलेली होती. आता विचारायला लागले, आणि ज्यांच्याकडे ३२ बिटी यंत्राला ८ टेराबाईटपेक्षा मोठा डिस्कसंच जोडलेला होता त्यांना ८ च्या पुढचा आपलाच माल वाचता येईना. तक्रार आली, आणि ऑगस्ट २०१७ मध्ये टोरवाल्ड्सने स्वतः ते सूत्र दुरुस्त केलं. बदल अगदी लहान होता.

१९७९ साली विचारपूर्वक चिन्हाला दिलेलं एक घर, अडतीस वर्षांनी, कोणी न विचारता सवयीने सोडलेलं सापडलं. त्या दिवसापासून मी पॅच तपासताना 'हा बदल बरोबर आहे का' एवढ्यावर थांबत नाही. हा बदल ज्या जुन्या आकड्यावर उभा राहिला आहे, तो कोणी कधी तपासला होता का, हे बघतो.

आणि आता बाबांना सांगितलेली ती एक ओळ. आमच्याच गटातल्या एका नव्या मुलाने ती पाठवली होती. ठोकळ्याचा क्रमांक गुणिले ठोकळ्याचा आकार, म्हणजे फाईलमधली जागा. क्रमांक ३२ बिटी, उत्तर ६४ बिटी रकान्यात. पण गुणाकार होत होता ३२ बिटांतच, म्हणजे आठ आकडी कॅल्क्युलेटरवर हिशोब करून उत्तर बारा घरांच्या वहीत लिहायचं. वही रुंद असून उपयोग काय, आकडा आधीच कापला गेला. मुलाने हे हेरलं होतं आणि ६४ बिटी करण्याची खूण घातली होती. पण ती पडली कंसाच्या बाहेर. म्हणजे आधी गुणाकार, आधी काप, आणि मग रुंदीकरण.

त्याच्या चाचणीत हे पास झालं होतं. का ते शोधण्यात माझा पहिला दिवस गेला. त्याने मोठी फाईल म्हणून ३ गिगाबाईटची फाईल घेतली होती. 'मोठी' म्हणजे २ च्या वर, हे त्याने कुठल्यातरी जुन्या पुस्तकात वाचलं होतं! इथे आकड्याला चिन्ह नव्हतं, काप बसायचा तो ४ गिगाबाईटला. मी ५ गिगाबाईटची पोकळ फाईल केली. पोकळ म्हणजे लांबी ५ गिगाबाईट सांगायची पण मध्ये काहीच लिहायचं नाही, डिस्कवर जागा जवळजवळ लागत नाही. तिच्या शेवटी काही अक्षरं लिहिली. ती फाईलच्या शेवटी गेलीच नाहीत, १ गिगाबाईटवर जाऊन बसली, तिथे जे होतं त्याच्यावर. चूक दाखवली नाही, नकार दिला नाही. माझ्या लॅबमध्ये निदान सात दिवस वाचले होते. इथे वाचलेलंही खराब झालं असतं आणि कोणाला पत्ता लागला नसता.

दुसरा दिवस गेला तोच गुणाकार आणखी कुठे कुठे आहे ते शोधण्यात. दोन ठिकाणी सापडला. मुलगा जरा हिरमुसला. मी त्याला माझ्या अकरा दिवसांची गोष्ट सांगितली, आकड्यासकट. कंस हलवून, चाचणी ५ गिगाबाईटची करून त्याने पॅच पुन्हा पाठवला, आणि त्याच्याखाली तपासणारा म्हणून मी माझं नाव लिहिलं. ते नाव कर्नलच्या इतिहासात कायमचं राहतं. उद्या काही बिघडलं तर लोक लिहिणाऱ्याबरोबर मलाही विचारणार.

हे सगळं बाबांना सांगून झालं तोवर मी कालव्याच्या पुलापर्यंत आलो होतो. ऊन उतरलं होतं तरी हवा तापलेलीच होती.

बाबा म्हणाले, "आमच्याकडे एंट्री लिहिणाऱ्याची एक सही आणि तपासणाऱ्याची एक. काहीजण न बघताच सही ठोकायचे."

"आणि तुम्ही?"

"मी एकदा ठोकली होती," ते म्हणाले. "पुढच्या वेळी सांगतो."

पुढच्या शनिवारी विचारीन. असो. तोवर तुमच्या पेन ड्राईव्हवर लग्नाची चित्रफीत चढत नसेल, तर दुकानदाराशी भांडायच्या आधी तो कुठल्या पद्धतीने फॉरमॅट केलाय ते बघा.